छत्री पांढरी, ठसा हिरवा

बालमित्रांनो, पावसाळ्यात तुम्ही तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना काय काय आणून देता? सोनचाफ्याची फुलं, पेरू, एखादी काकडी! मीही प्राथमिक शाळेत शिकवते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याशी आमची छोटीशी शाळा आहे. शाळेच्या मागच्या दाराने बाहेर पडलं, की चार पावलांवर रान सुरू होतं. त्यामुळे माझ्या टेबलावर कधी काय येऊन बसेल, याचा नेम नसतो!

एका जुलैमधली गोष्ट. सकाळची घंटा झाली आणि तिसरीतली एक मुलगी ओल्या फ्रॉकनिशी धावत आत आली. तिचं खरं नाव काही मी सांगत नाही. आपण तिला चिऊ म्हणू. चिऊच्या हातात अळूचं भलंमोठं पान होतं आणि पानात होत्या पाच-सहा पांढऱ्याशुभ्र छत्र्या.

"बाई, तुमका अळमी हाडलंय!"

आमच्याकडे अळंबीला अळमी म्हणतात. आणि अळमी म्हटलं, की आम्हा कोकणातल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटतंच. मी लहान असताना आई ओलं खोबरं वाटून अळंब्यांचं सुकं करायची, त्याचा वास मला आजही आठवतो. मी पान हातात घेतलं. छत्र्या कशा टवटवीत होत्या! मी चिऊला शाबासकी देणार, इतक्यात सहज विचारलं,

"खंय गावली गो?"

"शाळेच्या मागच्या गवतात."

माझा हात थबकला. आई जी अळंबी आणायची, ती गवतातली नव्हती. ती रोयणीवरची असायची. रोयण म्हणजे वारूळ, वाळवीचं घर.

"सगळी हीच काय?"

"नाय, अर्धी आजयेकडे दिलंय. ती सांजेक रांदतली."

झालं! त्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत छत्री घेतली आणि तडक चिऊचं घर गाठलं.

आजींचं घर

आजी चुलीपुढे बसल्या होत्या. सांजेची घाई नको म्हणून अळमी आधीच शिजायला टाकली होती. मी म्हटलं, "आजी, ही नका खाऊ."

आजी हसल्या. "बाई, माझे केस अळमी खाऊन पिकले. टोपात लसूण घातलंय बघा. काळी पडाक नाय. मगे भियाचा कित्याक?"

आता खरं सांगू का, मुलांनो? ती अळंबी विषारीच आहे, असं मलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मी काही शास्त्रज्ञ नाही. आजींचं वय सत्तरच्या पुढचं, अनुभव माझ्या दुप्पट. मी त्यांना शिकवणार ते काय! म्हणून जे खरं होतं तेच बोलले.

"आजी, ही कुठली अळमी, ता माका ठावक नाय. म्हणान आज नको."

आजी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मगे आज काय रांदू?"

हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. पावसाळ्यात कामाचे दिवस कमी, भाजी महाग. रानातून फुकट मिळालेली भाजी टाकून द्या, असं सांगणं सोपं असतं. टाकून देणाऱ्याला ते सोपं नसतं. तरी आजींनी टोप उतरवला. त्या रात्री त्यांच्याकडे पेज आणि लोणचं होतं.

ठशाची युक्ती

शाळेत परत आले आणि आम्ही एक प्रयोग मांडला. ही युक्ती मला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने दाखवली होती.

अळंबीला बिया नसतात. तिला असतात बीजाणू, म्हणजे डोळ्यांना एकेकटा न दिसणारा बारीक भुकटीचा कण. छत्रीच्या खालच्या बाजूला वहीच्या पानांसारखे पातळ पडदे असतात ना, त्यांच्यावर हे बीजाणू तयार होतात आणि तिथून खाली गळतात. आम्ही अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घेतला. एका छत्रीचा दांडा कापून टाकला. पडदे खाली येतील अशी टोपी कागदावर ठेवली आणि वारा लागू नये म्हणून वर रिकामा डबा पालथा घातला. रात्रभर डब्याला कुणी हात लावायचा नाही!

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्या संपल्या सगळा वर्ग टेबलाभोवती. मी डबा उचलला, टोपी अलगद बाजूला केली. कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी सुंदर नक्षी उमटली होती. आणि तिचा रंग होता... हिरवट! शेवाळावर राख भुरभुरावी तसा.

छत्री पांढरी आणि ठसा हिरवा! मैत्रिणीला फोन केला. ती पलीकडून जवळजवळ ओरडलीच, "कुणी खाल्ली नाही ना?"

या अळंबीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. गवताळ जागी, बागेत, मैदानावर, अगदी शहरातल्या हिरवळीवरसुद्धा ती पावसात उगवते. टोपी मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले. दांड्यावर अंगठीसारखं कडं. कोवळी असताना तिचे पडदेही पांढरेच असतात. हिरवी छटा येते ती बीजाणू पिकल्यावर. म्हणजे कोवळी अळंबी पाहून कुणालाही चकवा बसावा! ती खाल्ली तर तासा-दोन तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. लहान मुलांच्या अंगातलं पाणी भराभर कमी होऊन जिवावर बेतू शकतं.

तो कागद घेऊन मी पुन्हा आजींकडे गेले. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग जे बोलल्या, ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

"मी सोता काढतंय तेव्हा आदी रोयण बघतंय. काल टोपलीत इली, म्हणान इचारूक नाय."

पाहा, मुलांनो! आजींचं ज्ञान खोटं नव्हतं. त्यांना अळंबी ओळखता येत होती. पण ती ओळख नुसत्या छत्रीची नव्हती. वारूळ कुठे आहे, पाऊस किती झाला, भोवती कोणती झाडं आहेत, हे सगळं मिळून ती ओळख. चिऊने छत्री तेवढी उपटून आणली. बाकीची अर्धी ओळख रानातच राहिली! लसणीचा नियम तिच्या मदतीला येऊ शकला नाही.

वारुळाखालचं शेत

आता वारुळाचं एवढं काय महत्त्व, असं तुम्ही विचाराल. ऐका तर मग गंमत.

वाळवी आपल्यासारखीच शेती करते! रानातला पालापाचोळा, वाळकी काटकी ती कुरतडून वारुळात नेते. चावून चावून त्याचे स्पंजासारखे, जाळीदार गोळे रचते. त्या गोळ्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढते. लाकडातला जो भाग वाळवीला पचवता येत नाही, तो बुरशी पचवते आणि मग वाळवी ती बुरशी खाते. पावसाळ्यात जमीन भिजली, की हीच बुरशी आपला लांबच लांब दांडा जमिनीबाहेर काढते आणि वर छत्री उघडते. हीच आपली रोयणीवरची अळमी. गोव्यात तिला रोंयची अळमी म्हणतात. शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलं आहे टर्मिटोमायसिस, म्हणजे चक्क 'वाळवीची बुरशी'!

म्हणूनच बाजारातल्या धिंगरी किंवा बटण अळंबीसारखी ती खोलीत पिकवून विकता येत नाही. तिला वाळवी हवी, वारूळ हवं, रान हवं. वारूळ फोडलं, की दुसऱ्या वर्षीची अळंबीही गेली. आणि सगळ्याच छत्र्या उपटल्या, तर बीजाणू गळणार कुठून? शिवाय अभयारण्यातून काहीही उचलून आणायला कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

टर्मिटोमायसिसचा ठसा येतो फिकट गुलाबी. "मग बाई, गुलाबी आला की खायची ना?" चौथीतल्या एका हुशार मुलाने लगेच विचारलं. नाही, नाही, मुळीच नाही! एन्टोलोमा नावाच्या अळंब्यांचा ठसाही गुलाबीच असतो आणि त्यांतल्या कितीतरी विषारी असतात. ठसा ही एक खूण आहे. एका खुणेवर ओळख पक्की होत नाही. नुसता निळा शर्ट पाहून "हाच माझा भाऊ" असं तुम्ही म्हणाल का? चेहरा, आवाज, चालणं सगळं जुळलं पाहिजे ना!

खोट्या परीक्षा

अळंबीच्या बाबतीत घरोघरी काही परीक्षा सांगतात. त्यांवर विश्वास ठेवू नका.

लसूण किंवा तांदूळ काळा पडला तर विषारी, असं म्हणतात. चिऊच्या घरची लसूण पांढरीच राहिली होती, आठवतं ना? चांदीचं नाणं काळं पडतं म्हणतात, तेही खोटं. किड्यांनी किंवा गोगलगायीने खाल्ली म्हणजे चांगली, असं म्हणतात. पण गोगलगायीचं पोट वेगळं, आपलं वेगळं. उकळून पाणी टाकलं की विष जातं, हे तर सगळ्यांत धोक्याचं. ॲमॅनिटा नावाच्या गटातल्या काही अळंब्यांचं विष कितीही शिजवलं तरी जात नाही. आणि त्याचा कावेबाजपणा असा, की खाल्ल्यावर सहा तास किंवा त्याहून जास्त काळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, पुन्हा दिवसभर बरं वाटतं आणि आतल्या आत यकृत निकामी होत जातं. 2022 च्या एप्रिल महिन्यात आसाममध्ये रानातली अळंबी खाऊन दहाहून अधिक माणसं दगावली. ती माणसंही रानाजवळच राहणारी होती.

म्हणून आमच्या शाळेचा नियम एकच: रानातली अळंबी बघायची, काढायची ती फक्त चित्रात, आणि चाखायची कधीच नाही!

अळंब्यांची जत्रा

पण घाबरून रानात जायचंच नाही, असं मात्र करू नका हं! न खाताही अळंब्यांची केवढी मौज आहे.

कुजक्या ओंडक्यावर अर्ध्या बशीसारख्या कडक अळंब्या येतात. खालून पाहा, पडदे नाहीत. सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात. बीजाणू त्या भोकांतून गळतात. गवतात पांढरे गोळे दिसतात. ते पिकल्यावर पावसाचा थेंब पडला, की टोकाच्या भोकातून धूर निघावा तशी भुकटी उडते. काही अळंब्या तर हुबेहूब पक्ष्याच्या घरट्यासारख्या, आत चिमुकली 'अंडी'! घरटं केवढं? तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. पावसाचा टपोरा थेंब घरट्यात पडला, की ती अंडी उडून लांब जाऊन पडतात. बांबूच्या बेटात एक अळंबी जाळीदार पांढरा झगा घालून उभी असते. दिसायला राणी, पण वास घाण! त्या वासाने माश्या येतात आणि त्यांच्या पायांना चिकटून बीजाणू प्रवासाला निघतात.

आणि प्रकाशणारी अळंबी? भीमाशंकरच्या आणि गोव्यातल्या म्हादईच्या रानात भर पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री ओल्या काटक्या हिरवट उजेडाने चमकताना दिसतात. भूतबीत काही नाही. ती मायसिना नावाची बुरशी. काजव्यासारखाच हा थंड उजेड. हात लावला तर चटका बसत नाही. ब्राझीलमधल्या अशाच एका अळंबीचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा उजेड रात्री वाढतो आणि त्याकडे भुंगेरे, माश्या, मुंग्या येतात, असं त्यात दिसलं. त्यांच्यामार्फत बीजाणू पसरत असावेत.

उजेड आणि किडे! हे वाचून आमच्या वर्गात एकच गलका झाला: "बाई, दिव्याकडे तर पतंग येतात!"

मग काय, पुढचा धडा आपोआप ठरला.

दिव्याची अवस आणि पांढरी चादर

आषाढातली अमावास्या म्हणजे दिव्याची अवस. घरोघरी दिवे घासून-पुसून पूजतात. आम्ही ठरवलं, त्या संध्याकाळी शाळेतही दिवा लावायचा, पण पतंगांसाठी! चंद्र नसला की पतंग दिव्याकडे जास्त येतात.

व्हरांड्यात दोरी बांधून आजोबांचं एक जुनं पांढरं धोतर पसरलं आणि त्याच्यापुढे पांढरा दिवा टांगला. पिवळ्या दिव्याकडे पतंग कमी येतात, हे तुम्हीही घरी करून पाहू शकता. पालक आले, छत्र्या आल्या, चण्या-कुरमुऱ्यांचा डबा आला. चिऊबरोबर तिच्या आजीही आल्या.

अर्ध्या तासात धोतर भरून गेलं. तांदळाच्या दाण्याएवढे, वाळक्या पानासारखे, सोनेरी, चुन्यासारखे पांढरे! भारतात फुलपाखरांच्या जाती आहेत सुमारे तेराशे. पतंगांच्या मात्र दहा हजारांहून जास्त. फुलपाखरांचं कौतुक आपण सगळेच करतो. आपल्या महाराष्ट्राचं तर 'राज्य फुलपाखरू'ही 2015 मध्ये ठरलं, नीलवंत. पतंगांच्या वाट्याला मात्र केरसुणी येते!

पतंग आणि फुलपाखरू वेगळं कसं ओळखायचं? मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशीचं टोक आगकाडीच्या गुलासारखं फुगीर असतं. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. बहुतेक फुलपाखरं बसताना पंख पाठीवर मिटतात. पतंग बहुधा पंख पसरून किंवा कौलासारखे उतरते ठेवून बसतात. 'बहुतेक' आणि 'बहुधा' हे शब्द वाचलेत ना? दिवसा उडणारे, झगझगीत रंगाचे पतंगही असतात. इथेही एका खुणेवर भागत नाही!

नऊच्या सुमाराला एक पोपटी पाहुणा अलगद येऊन टेकला. मागच्या पंखांना लांब, वळलेल्या शेपट्या. हा चंद्रपतंग. या शेपट्या नुसत्या शोभेच्या नाहीत बरं का. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधतं. अमेरिकेतल्या अशाच शेपटीवाल्या पतंगांवर प्रयोग झाले, ते 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. उडताना फिरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघूळ फसतं आणि अंगाऐवजी शेपटीवर झेप घालतं, असं त्यांत दिसलं. शेपटी जाते, जीव वाचतो! चंद्रपतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं, त्या शिदोरीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. वीतभराहून मोठे पंख असणारा ॲटलास पतंगही तसाच उपाशी पाहुणा.

मग आला तो पतंग पाहून मात्र दोन-तीन मुलं किंचाळलीच. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण होती! एकाने चप्पल उचलली. "थांब, थांब!" मी म्हटलं. "तो काही यमाचा दूत नाही, तो मधचोर आहे." हा पतंग मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो आणि डिवचला तर चक्क चीं चीं आवाज काढतो. आवाज ऐकल्यावर चप्पल आपोआप खाली आली आणि सगळे त्याच्याभोवती जमले.

"पण बाई, ते दिव्याकडे येतात तरी कशाला?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही खूप वर्षं पडला होता. 2024 च्या सुरुवातीला एका अभ्यासातून नवं उत्तर पुढे आलं. रात्री उडणारे किडे पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतात. निसर्गात रात्री सगळ्यांत उजळ असतं ते आकाश. म्हणजे वर कुठे आणि खाली कुठे, हे त्यांना त्यावरून कळतं. आपण मध्येच दिवा लावला, की ते दिव्याकडे पाठ वळवत वळवत त्याच्याभोवती अडकून पडतात. पतंग दिव्यावर प्रेम करतो, असं कवी म्हणतात. बिचारा खरं म्हणजे वाट चुकलेला असतो! म्हणून आम्ही दीड तासात दिवा मालवला आणि पाहुण्यांना घरी जाऊ दिलं.

चादर म्हणजे टोपलीच!

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना माझ्या लक्षात आलं. प्रत्येकाने पतंगाचं छान चित्र काढलं होतं, आणि 'कुठे दिसला?' या प्रश्नापुढे सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: 'धोतरावर.'

मी म्हटलं, "अरे, धोतरावर काय पतंगाचं घर असतं? आजींच्या टोपलीसारखंच झालं की हे! अर्धी ओळख रानातच राहिली. शोधा पाहू."

आणि मुलं शोधायला लागली. चार दिवसांनी चिऊ मला ओढतच घेऊन गेली ती शाळेच्या कुंपणावरच्या तगरीकडे. पानाखाली बोटाएवढी जाड, हिरवी अळी. तिला जरासं छेडलं, तर मान आक्रसून घेतली आणि पुढच्या बाजूला दोन निळे डोळे उघडले! ते खरे डोळे नव्हेत, नुसते ठिपके. पण पक्ष्याला वाटावं, साप आहे.

चादरीवर एक हिरव्या-पांढऱ्या नक्षीचा, सैनिकाच्या गणवेशासारखा दिसणारा पतंग आला होता. त्याचीच ही अळी. ती कण्हेर आणि तगर खाते, मग खाली उतरून पाचोळ्यात कोष करते आणि कोषातून तो गणवेशवाला बाहेर पडतो. चिऊने दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवली आणि मध्ये बाण काढला. ओळख पुरी झाली!

तुमच्या अंगणातही तगर असेल. जरूर पाहा. मात्र केसाळ सुरवंटाला हात लावू नका; अंगाला भयंकर खाज सुटते.

अळंबी आणि पतंग या दोघांत किती सारखेपणा आहे, पाहिलंत? दोघंही पावसाबरोबर येतात, दोघांचाही मुक्काम थोड्या दिवसांचा. जे आपल्याला दिसतं, ते त्यांच्या आयुष्याचं शेवटचं पान. आधीची पानं लपलेली असतात: अळंबीची जमिनीखालच्या तंतूंत, पतंगाची पानाखालच्या अळीत. हिमालयात तर या दोघांची गाठच पडते. तिथे एक बुरशी पतंगाच्या जमिनीतल्या अळीत शिरते, तिला आतून खाऊन टाकते आणि उन्हाळ्याच्या तोंडी अळीच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. तिला कीडाजडी म्हणतात. औषध म्हणून तिला इतका भाव आला, की बेसुमार खणण्यामुळे 2020 मध्ये ती जगातल्या धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेली.

तुमची नोंदवही

एक शंभरपानी वही घ्या. प्रत्येक अळंबीसाठी लिहा: तारीख, पाऊस, जागा (गवत, ओंडका, वारूळ, शेण), जवळचं झाड, टोपीचा रंग, खाली पडदे की भोकं, दांड्यावर कडं आहे का, बुडाशी वाटी आहे का. ठसा घ्यायचा असेल तर मोठ्या माणसाच्या मदतीने घ्या, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका आणि नंतर साबणाने हात धुवा.

पतंगासाठी लिहा: तारीख, वेळ, दिव्यावर की झाडावर, कोणतं झाड, मिशा कशा, पंख कसे ठेवले होते. पकडू नका, पंखांवरची भुकटी म्हणजे त्याचे खवले, ते निघून जातात. फोटो किंवा चित्र पुरे.

पालकांसाठी दोन शब्द

मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी ॲप आता सहज मिळतात. पतंगाचं नाव शोधायला ती खुशाल वापरा. नाव चुकलं तर फार तर वहीत खाडाखोड होईल. पण अळंबी खाण्याजोगी आहे का, हे ॲपला कधीही विचारू नका. फोटोत वारूळ नसतं, वास नसतो, ठसा नसतो. कुणी रानातली अळंबी खाल्ली आणि त्रास सुरू झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवायला न्या. थोडं बरं वाटलं तरी दवाखाना टाळू नका.

आणि आणखी एक. मूल काही आणून विचारेल, "हे काय आहे?" तेव्हा ठाऊक नसेल तर तसं सांगा. त्यात कमीपणा नाही. मुलाबरोबर उठा आणि ते जिथून आणलं, त्या जागी जाऊन पाहा.

त्या वर्षी चिऊच्या वहीत एकूण एकवीस नोंदी झाल्या. शेवटची मला तोंडपाठ आहे. 'छत्री तपकिरी. फणसाच्या मुळाशी. पाऊस थांबल्यावर पाहिली. पडदे आहेत, कडं नाही. नाव: माहीत नाही. उद्या परत जाऊन बघणार.'

मी त्या पानावर दहापैकी दहा गुण दिले. तुम्ही किती दिले असते?